८×४२ दुर्बीण, नांदूर मध्यमेश्वरची बदकं आणि एक सैल रिंग

सर्व्हिस सेंटरमधून दुर्बीण परत आली ती लेन्स लख्ख पुसून. उजव्या डोळ्याजवळच्या ज्या रिंगसाठी पाठवली होती, ती रिंग जशीच्या तशी सैल. सोबतच्या कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा. जाण्या-येण्याचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘सर, रिंग फिरवायलाच असते.’ मी फिरवली तर फिरावी ना! बॅगेत पडल्या पडल्या आपोआप कशाला फिरायला हवी?

दुर्बीण दहा हजारांच्या आतली आहे. ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. रूफ प्रिझम (सरळ नळ्यांची रचना), वॉटरप्रूफ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत उजव्या डोळ्याच्या रिंगची रचना बऱ्याच जणांची अशीच असते. बोलतोय ते डायॉप्टरच्या रिंगबद्दल. आपल्या दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असतो, तो ही रिंग भरून काढते. ती जराशी सरकली की फोकसचं मधलं चाक कितीही फिरवा, एकच डोळा स्पष्ट होतो. चित्र दिसतं, पण मऊ. तासाभरात कपाळ दुखायला लागतं आणि दोष उन्हाला जातो.

पाणकोंबडी किंवा चित्रबलाक बघताना हे जाणवतही नाही. त्रास होतो तो बदकांच्या माद्या ओळखताना. नर सोपे असतात. थापट्याची फावड्यासारखी चोच आणि हिरवं डोकं, तलवार बदकाची लांब टोकदार शेपटी, भुवई बदकाची पांढरी भुवई, हे सगळं सैल रिंगमधूनही कळतं. माद्या मात्र सगळ्या तपकिरी ठिपक्यांच्या. चक्रांगच्या मादीला शेपटीच्या मुळाशी बाजूला एक फिकट रेघ असते. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. गडवालच्या मादीच्या चोचीची कड नारिंगी असते आणि पंखात पांढरा चौकोन असतो, तोही पंख मिटलेले असताना कधी दिसतो, कधी नाही. ही सगळी ओळख जेमतेम बोटभर खुणांवर चालते, आणि नेमक्या त्याच खुणा मऊ चित्रात पुसल्या जातात.

त्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला आणखी एक अडचण. विणीनंतर नर पिसं टाकतात आणि काही काळ माद्यांसारखेच दिसतात. भुवई बदकाचा नर तर हा मळका वेश बराच उशिरापर्यंत सोडत नाही, त्यामुळे ऐन थंडीत समोर सगळा थवा माद्यांचाच वाटतो. थवा उडाला की पंखाच्या पुढच्या भागावरचा निळसर राखाडी रंग नर सांगून जातो. थापट्याच्या नराच्या पंखावरही निळा असतो, म्हणून चोच बघावीच लागते. उडालेल्या थव्यासाठी मिळतात चार-पाच सेकंद. तेवढ्यात रिंग जुळवत बसायचं?

घेताना १०×४२ न घेतल्याची चुटपुट होती. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून पाणी लांब पसरलेलं दिसतं, बदकं आणखी पलीकडे, आठपट कमीच पडेल असं वाटायचं. आता मत बदललंय. निफाडच्या थंडीत पहाटे बोटं गारठलेली असतात, दहापटीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १० ने भागलं तर ४.२. धुक्यातल्या पहिल्या तासाला हा फरक जाणवतो. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग तर दहापटीत ती थरथरच मोठी दिसते. फार लांबच्या थव्याला स्कोपच (तिकाटण्यावरची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) लागतो.

नांदूर मध्यमेश्वरला आठपटीवर भागतं त्याचं कारण तिथलं पाणीच आहे. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा इंग्रजांच्या काळातला बंधारा गाळाने भरत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. डोकं बुडवून, शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना असंच पाणी हवं असतं, ती काठाच्या बाजूलाही येतात. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून याची घोषणा झाली ती उगाच नाही.

बाकी दुर्बीण चांगली आहे. आतून कधी धुरकटली नाही, मधलं चाक थंडीतही मऊ फिरतं, पट्टा मानेला टोचतो म्हणून बदलला. गडवालच्या पांढऱ्या चौकोनाभोवती कडक उन्हात जांभळी कड दिसते, ती या किमतीत चालवून घेतो. रिंगवर शेवटी इलेक्ट्रिकच्या दुकानातली काळी टेप गुंडाळली. दहा-वीस रुपयांत जे जमलं, ते सर्व्हिस सेंटरला जमलं नाही, याचा राग अजून जात नाही. टेपनंतर माद्या पुन्हा वेगवेगळ्या दिसायला लागल्या. शिवाय घरात दुसऱ्या कुणाला दुर्बीण द्यायची तर टेप सोडावी लागते, ती कटकट वेगळीच.

तुम्ही घेणार असाल तर दुकानातच रस्त्यापलीकडची पाटी बघत डावा डोळा मधल्या चाकाने जुळवा, मग उजवा रिंगने. नंतर दुर्बीण शर्टावर घासा, बॅगेत घालून बाहेर काढा आणि पुन्हा तीच पाटी बघा. अक्षरं धूसर झाली असतील तर ती दुर्बीण घेऊ नका. रिंग ओढून लॉक होणारं मॉडेल महाग पडतं, तरी थोडे थांबा, पैसे साठवा आणि तेच घ्या.