पहिली नोकरी : ग्रामीण रुग्णालय की नागपूरचा अतिदक्षता विभाग?

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती आली की विदर्भाच्या खेड्यांतील अनेक मुलींपुढे दोन वाटा असतात : गडचिरोलीकडील एखादे ग्रामीण रुग्णालय किंवा नागपुरातील मोठे खासगी रुग्णालय.

नागपूरच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन पंपावर (शिरेतून मोजून औषध सोडणारे यंत्र) हात बसतो, अडल्यास विचारायला वरिष्ठ सिस्टर जवळ असतात. मात्र खोलीभाडे आणि मेसचे पैसे गेल्यावर घरी पाठवण्याजोगे फारसे उरत नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा बाँड पुढे केला, तर सही मुळीच करू नये.

ग्रामीण रुग्णालयातले शिकणे निराळे. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून सर्पदंशाचा रुग्ण आणला जातो, तेव्हा कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवावी लागते आणि मग तिरपी करून रक्त गोठले की नाही हे पाहावे लागते. प्रतिसर्पविष देण्याचा डॉक्टरांचा निर्णय बऱ्याच अंशी या साध्या चाचणीवर अवलंबून असतो. प्रसूती आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी कळवळणारी मुले यांचा अनुभवही इथे लवकर मिळतो.

पद अनेकदा कंत्राटी असते, ही उणीव मोठीच आहे. तरीही रात्रपाळीला डॉक्टर मुक्कामी असतील आणि राहण्याची सोय आवारातच असेल, तर मी ग्रामीण रुग्णालयच सुचवेन. रुजू होण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो संध्याकाळनंतर, पाहून याव्यात.