उजव्या कोपऱ्यातून काउंटर-स्ट्राइक २

अकरा वर्षं मी कबड्डीत उजवा कोपरा खेळले. आधी शाळा, मग तालुका, जिल्हा आणि शेवटी चिपळूणच्या आमच्या मंडळाचा संघ. २०२२ च्या डिसेंबरात एक पकड करताना डावा गुडघा फिरला. लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. चालणं, पोहणं, शाळेत पीटी शिकवणं या सगळ्याला डॉक्टरांनी परवानगी दिली, पण मॅटवर परत उतरायचं नाही असं स्पष्ट सांगितलं.

पुढच्या वर्षी धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याने तिकडे नवा पीसी घेतला आणि जुना इथेच वरच्या मजल्यावर राहिला. (२०२१ च्या पुरानंतर आमच्या घरात किमतीची प्रत्येक वस्तू वरच्या मजल्यावरच असते.) एका शनिवारी फोनवर म्हणाला, "ताई, एकदा बस तर खरी. मी सांगतो ते कर. ही कबड्डीच आहे." मला ते पटलं नव्हतं. बंदुकांचा खेळ कबड्डी कसा असेल? आज माझ्या नावावर अकराशे तास जमा आहेत आणि मी हे लिहायला बसले आहे, कारण त्याचं म्हणणं खरं निघालं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या दुसऱ्या एका खेळावर बेतून तयार केला. पुढे तो व्हॉल्व्ह कंपनीकडे गेला आणि त्याची नवी आवृत्ती, काउंटर-स्ट्राइक २, २७ सप्टेंबर २०२३ ला आली. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने ए किंवा बी या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही किंवा लावलेला निकामी करायचा. एक राऊंड १ मिनिट ५५ सेकंदांचा. बॉम्ब लागला की ४० सेकंद. बारा राऊंड झाले की बाजू बदलते आणि जो आधी तेरा जिंकेल त्याचा सामना. मेलात की त्या राऊंडपुरते बाहेर बसा आणि उरलेल्यांचा खेळ बघा. कबड्डीतही बाद झालं की आपण कडेलाच बसतो.

पहिले दोन महिने मी फक्त मरत होते आणि का मरते तेही कळत नव्हतं. भावाने एके रात्री कारण दाखवलं: मी पळता पळता गोळ्या झाडत होते. या खेळात पळताना सुटलेली गोळी कुठेही जाते. थांबायचं, मग झाडायचं. थांबण्याचंही तंत्र आहे. डावीकडे जात असाल तर उजवीकडची कळ क्षणभर दाबायची, पाय जागीच रुततो आणि तेवढ्या क्षणात गोळी सरळ जाते. हे ऐकल्यावर मला एकदम ओळखीचं वाटलं. कोपऱ्यावरची मुलगी घोटा धरायला जाते तेव्हा आधी तिचा स्वतःचा पाय रोवलेला असावा लागतो. हलत्या पायाने केलेली पकड सुटते, हे मी दर वर्षी सहावीच्या मुलींना सांगते. त्या दिवसापासून मी रोज वीस मिनिटं फक्त थांबण्याचा सराव केला. दुसरं काही नाही.

मग आवाज. हेडफोन लावल्याशिवाय हा खेळ खेळूच नका. धावणाऱ्याची पावलं ऐकू येतात, दबक्या चालीने चालणाऱ्याची येत नाहीत. लाकडावर पाय पडला की वेगळा आवाज, लोखंडी जिन्यावर वेगळा, वाळूवर वेगळा. बंदूक भरल्याचा आवाज येतो, बॉम्ब निकामी करायला सुरुवात केल्याचाही येतो. मिराज नावाचा एक नकाशा आहे, मोरोक्कोतलं एखादं गाव असावं तसा. तिथे मी जंगल म्हणतात त्या अंधाऱ्या खोलीत उभी राहून कधीकधी पूर्ण मिनिटभर काहीही करत नाही. नुसती ऐकते. पॅलेस म्हणतात त्या जागेत एक पाऊल वाजतं, मग शांतता. म्हणजे तो थांबलाय. म्हणजे त्यालाही कळलंय की आपला आवाज समोरच्याला ऐकू गेला. आता तो येणार, की मला तो येणार असं वाटावं म्हणून मुद्दाम पाऊल वाजवून दुसरा रॅम्पवरून येणार? चढाईला आलेली मुलगी डाव्या बाजूला दोनदा पाय टाकते तेव्हा उजव्या कोपऱ्यावर नेमकी हीच शंका असते. ती हूल आहे की खरं? त्या वेळी जे छातीत धडधडतं, ते गुडघा गेल्यापासून मला दुसरीकडे कुठेही परत मिळालं नव्हतं. इथे मिळालं.

लोक या खेळांना नेमबाजीचे खेळ म्हणतात. नेम लागतोच, पण नेमाने फार तर अर्धं काम होतं. पलीकडे खरा माणूस आहे, त्यालाही आपल्यासारखंच घाबरायला होतं, त्यालाही सवयी आहेत, आणि तीन राऊंडमध्ये त्या सवयी ओळखाव्या लागतात. संगणकाने चालवलेल्या शत्रूंना मारून मला कधीच मजा आली नाही. ते चुका करतात, पण हूल देत नाहीत.

आता पैशांबद्दल, कारण मला खेळाचा हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही. पहिल्या राऊंडला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. त्यात पिस्तूल आणि थोडं चिलखत. राऊंड जिंकलात की तीन हजारांच्या वर मिळतात. हरलात तरी मिळतात, आणि ओळीने हरत गेलात तर ती रक्कम १४०० पासून ५००-५०० ने वाढत ३४०० पर्यंत जाते. एके-४७ २७०० ची, चिलखत आणि शिरस्त्राण मिळून १००० चं. दुरून एका गोळीत माणूस पाडणारी एडब्ल्यूपी ४७५० ची. पैसे प्रत्येकाचे वेगळे, पण ते कसे वापरायचे हे पाचांनी मिळून ठरवायचं. तिघांनी बंदुका घेतल्या आणि दोघे कफल्लक राहिले तर तो राऊंडही जातो आणि पुढचाही. म्हणून कधीकधी पाचही जणांनी काहीच घ्यायचं नाही, पिस्तुलावर राऊंड सोडून द्यायचा आणि पुढच्याला सगळ्यांनी एकदम भरून यायचं. बाकी जगात याला इको म्हणतात. आमच्या पाच जणांत त्याला एकादशी म्हणतात, आणि त्यानंतरच्या राऊंडला पारणं. "ताई, आज एकादशी, काही घेऊ नकोस," असं भाऊ म्हणाला की मी पिस्तूल घेऊन निमूट कोपऱ्यात जाते. गटात कोणाकडे जास्त असेल तर तो दुसऱ्याला बंदूक विकत घेऊन जमिनीवर टाकतो. मागावी लागते, आणि न मागता देणारा माणूस पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो.

बारकावे फार सुंदर आहेत. छोट्या सबमशीनगनने शत्रू पाडला तर ६०० मिळतात, एडब्ल्यूपीने पाडला तर फक्त १००. सोपं काम करणाऱ्याला कमी मजुरी. बॉम्ब लावायची बाजू वेळ संपेपर्यंत नुसती जीव वाचवत लपली तर जिवंत राहिलेल्याला त्या राऊंडचे काहीच पैसे मिळत नाहीत. ज्याने हे नियम बसवले त्याला माणसं कळत होती.

नव्या आवृत्तीत धूर बदलला आहे, आणि माझ्या मते या खेळात आलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. पूर्वी धुराचा गोळा म्हणजे भिंतच असायची. आता धूर खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, दारातून बाहेर येतो, आणि त्यात हातबॉम्ब फुटला तर मधोमध काही क्षण मोकळी जागा होते. पलीकडचं दिसतं. पण लक्षात ठेवा, पलीकडच्यालाही अलीकडचं दिसतं.

यावरून एक राऊंड सांगायलाच हवा. गेल्या पावसाळ्यातला रविवार, मिराज, ११-११. आम्ही बचावाला. बॉम्ब ए वर लागला तेव्हा आमचे चार जण गेलेले आणि मी एकटी बी कडून धावत येत होते. समोर दोघे. आमच्या गटाचा नियम आहे की शेवटचा एक उरला की बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. कानात एकदम शांतता झाली. शेवटची चढाई असताना मैदानाच्या कडेला जशी होते, तशी. भाऊ तिकीट बूथपाशी पडला होता, त्याचं किट उचललं. किट असलं की बॉम्ब पाच सेकंदांत निकामी होतो, नसेल तर दहा लागतात. माझ्याजवळ धुराचा एक गोळा होता, तो बॉम्बवर टाकला आणि आत शिरले. कळ दाबली, आवाज झाला, लगेच सोडून दिली आणि बाजूला सरकले. हूल. पॅलेसमधल्याने अपेक्षेप्रमाणे हातबॉम्ब टाकला. मला लागलं, पण धूर फाटला आणि त्या फटीतून तो मला दिसला. तो बॉम्बकडे बघत होता, मी तिथे नव्हते. एक गोळी डोक्यात.

उरला एक. वेळ थोडा. मी परत कळ दाबली, परत आवाज झाला. आता त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत होतं: हिने आत्ताच हूल दिली होती, ही पुन्हा देणार, मी बाहेर आलो की मारणार. म्हणून या वेळी मी कळ सोडलीच नाही. पाच सेकंद. तो चौथ्या सेकंदाला निघाला असावा, कारण रॅम्पवर पावलं वाजली, आणि त्याची पहिली गोळी सुटायच्या आत बॉम्ब निकामी झाला. कानात चौघे एकदम ओरडले. दुबईत नोकरीला असलेला आमच्यातला कुडाळचा मुलगा रडायच्या बेताला आला होता. समोरच्याने चॅटमध्ये दोनच शब्द लिहिले, "वेल प्लेड". मी खुर्चीतून उठले, खिडकी उघडली आणि बराच वेळ पाऊस बघत उभी राहिले. हात थरथरत होते.

स्पर्धा बघण्यातही मजा आहे. मिराजच्याच बी साइटवर २०१६ साली कोलंबसच्या मेजर म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धेत ब्राझीलच्या कोल्डझेराने उडी मारता मारता एडब्ल्यूपीने शत्रू टिपले आणि हातातून निसटत चाललेला सामना परत आणला. नंतर व्हॉल्व्हने नकाशात त्या जागी भिंतीवर त्याची आठवण म्हणून चित्र काढलं. डिसेंबर २०२४ ला शांघायची मेजर टीम स्पिरिटने जिंकली, त्यांच्यातला डॉन्क तेव्हा १७ वर्षांचा होता आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याचा खेळ बघताना मी माझ्या मुलींना सांगते तेच दिसतं: तो कधीच अर्ध्या मनाने पुढे जात नाही.

माणसांविषयी. अनोळखी चौघांबरोबर खेळलात तर शिव्या ऐकाव्या लागतील. बाईचा आवाज ऐकला की काही जणांचा ताळ सुटतो. माझा उपाय साधा आहे: पहिल्या घाणेरड्या वाक्याला त्या माणसाचा आवाज बंद करायचा आणि तक्रार नोंदवायची, वाद घालायचा नाही. पण खरा उपाय म्हणजे स्वतःची पाच माणसं जमवणं. आमची पाच जमायला चार महिने लागले. जमल्यावर हा खेळ पूर्णपणे वेगळा झाला. "एक लो आहे" (त्याचा जीव थोडाच उरलाय), "मी फ्लॅश टाकते, तू ये" (फ्लॅश म्हणजे डोळे दिपवणारा गोळा), "सोड, सेव्ह कर" (राऊंड सोड, बंदूक वाचव) एवढ्या तुटक बोलण्यातही कोण कधी घाबरलंय, कोण दिवसभर दमून आलंय हे कळायला लागतं. भाऊ पुण्याला गेल्यापासून आम्ही पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

खेळ फुकट आहे. प्रीमियर या चढाओढीच्या प्रकारासाठी प्राइम स्टेटस एकदा विकत घ्यावं लागतं. ते घ्या, पैसे वसूल होतात. बंदुकांच्या रंगीत आवरणांच्या (स्किन्सच्या) पेट्या आणि त्यांच्या विकतच्या किल्ल्या यांच्यापासून मात्र दूर राहा. पेटीतून काय निघेल ते नशिबावर असतं, आणि त्याने नेम सुधारत नाही. लहान मुलांना हा खेळ देऊ नका, रक्त आहे. आठवी-नववीची मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना मैदानावर पाठवते.

मुंबईत सर्व्हर आहे, चिपळूणहून फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या आसपास असतं, उत्तम चालतं. जून ते सप्टेंबर वीज जाते, तेव्हा पीसी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सामना मध्येच सुटला तर बाकीचे चौघे अडकतात आणि तुम्हाला काही काळ बंदी लागते. महागडा माउस नको, पण माउसपॅड मोठा घ्या. मी माउसचा वेग ८०० डीपीआय आणि खेळात १ सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर नजर किती फिरते ते) ठेवते, म्हणजे पूर्ण वर्तुळ फिरायला माउस ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो. नुसतं मागे वळायलाही २६. सुरुवातीला हे फार वाटतं आणि मनगट दुखतं. मनगटाने नाही, कोपरापासून हात हलवा, आणि टेबल इतकं उंच ठेवा की कोपर टेकेल.