भावना ओळखायची कार्डं: अडीच स्टार, त्यातला एक पेटीला

कंपनीचं नाव लिहीत नाही, रिटर्नवरून आधीच खूप भांडून झालंय. ऑटिझमवाल्या मुलांसाठी चेहरे बघून भावना ओळखायची 48 कार्डं, लाकडी पेटीत, सोबत दोन बाहुल्या, एक टोपली, एक डबा आणि इंग्रजीत माहितीपत्रक. पंधराशेच्या आसपास पडलं. फोंड्याला चार दिवसांत कुरिअर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पोरगा माझा अकरा वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो छान, कदंबाच्या (आमच्या गोव्याची सरकारी बस) गाड्यांची टायमिंगं त्याला कंडक्टरपेक्षा जास्त पाठ.

फोटो सगळे परदेशी मुलांचे. आनंद म्हणजे बत्तीशी, राग म्हणजे ओठ आवळून मुठी वळलेल्या. आपल्याकडे असं कोण रागावतं सांगा, माझी सासू रागावली की उलट जास्तच गोड बोलते आणि ताटात न विचारता अजून एक चपाती टाकते, त्याचं कार्ड कुठे आहे? तरी पोराने दोन दिवसांत 48 च्या 48 बरोबर सांगितली, मी खूश, नवऱ्याला व्हिडिओ पण पाठवला. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून कार्डावरचा शर्ट बोटांनी झाकला आणि नुसता चेहरा दाखवला, तर गाडी तिथेच बंद. लाल शर्ट म्हणजे राग, निळा स्वेटर म्हणजे दुःख असं त्याने बसवलं होतं. त्याची काय चूक, चेहऱ्यापेक्षा शर्टच भरवशाचा निघाला.

आणि जूनमध्ये कार्डांचे कोपरे सुटायला लागले. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, हे काय टिकणार होतं म्हणा. कंपनी म्हणे ओलाव्याचं नुकसान आमच्याकडे नाही. एक स्टार तिथेच गेला.

आता बाहुल्यांचं सांगते, कारण खरी गंमत त्यात आहे. हा खेळ यांचा नाहीच, 1985 ला सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी केलेला प्रयोग आहे. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती गुपचूप डब्यात हलवते, पहिली परत आली की कुठे शोधेल? 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी डब्यात म्हणून दाखवलं, म्हणजे गोटी खरंच होती तिथे, पहिलीला ते माहीत नव्हतं तरी. डाऊन सिंड्रोमच्या, म्हणजे जन्मतःच बुद्धीची वाढ कमी असलेल्या, 14 पैकी 12 मुलांना मात्र जमलं, म्हणजे प्रश्न नुसत्या हुशारीचा नव्हता. इथवर ठीक आहे. पण माहितीपत्रकात त्यावरून सरळ लिहून टाकलंय की या मुलांना दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याची कल्पनाच नसते आणि आमचा सेट चार आठवड्यांत ती तयार करेल. अहो, त्या 20 तल्या चौघांना जमलं होतं ना, त्यांचं काय केलंत?

माझ्या पोराने पहिल्या फटक्यात टोपली दाखवली. "तिला कुठे माहितीय, ती बाहेर होती ना." झालं, म्हटलं पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्कूटरची किल्ली खिळ्यावर नाही. मी हॉलमधला ड्रॉवर ओढून सगळं जमिनीवर काढलं, बिलं, सेल, रबर, जुने चार्जर, पंधरा मिनिटं तेच, तोंडाने एक शब्द नाही कारण आधीच उशीर झालेला. पोरगा समोर बसून चहात पाव बुडवून खातोय. शेवटी मी ओरडले, किल्ली बघितलीस काय रे? तर म्हणतो हो, पप्पांनी रात्री फ्रिजवर ठेवली. मग सांगितलं का नाहीस? "तू विचारलं नाहीस."

डोकं असं फिरलं म्हणून सांगू. रात्री वाचत बसले तेव्हा 2009 चा आत्सुशी सेंजू आणि मंडळींचा प्रयोग सापडला. अ‍ॅस्पर्गर (ऑटिझमचाच एक प्रकार) असलेल्या मोठ्या माणसांना असं कोडं विचारलं की उत्तर बरोबर येतं, पण कोणी काही न विचारता नुसता व्हिडिओ दाखवला तर त्यातला माणूस आता कुठे शोधणार तिकडे नजर आधीच आपोआप जात नाही. म्हटलं सापडलं, हेच आपलं. विचारल्यावर जमतं, न विचारता सुचत नाही.

दोन दिवसांनी त्याला शांतपणे परत विचारलं, मी ड्रॉवर उपसत होते तेव्हा तुला काय वाटलं? म्हणाला, "मला वाटलं तू ड्रॉवर आवरतेस. पप्पा आदल्या दिवशी म्हणाले होते ना, किती कचरा साठलाय." आणि हे खरंच म्हणाले होते हो. म्हणजे त्याने माझ्या मनाचा विचार केला होता, पुराव्यासकट केला होता, फक्त चुकला होता. आणि मी काय समजले होते? की त्याचं लक्षच नाही. चुकलो दोघंही, पण टेस्ट फक्त त्याची होते. डेमियन मिल्टन म्हणून संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 ला हेच मांडलंय की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिकला मराठीत म्हणतात तो स्वमग्न हा शब्द तर मला तेव्हापासून अजिबात आवडत नाही.

आता मी शोधताना मोठ्याने बोलते, किल्ली हरवली, किल्ली शोधतेय, शेजारीण म्हणते एकटीच काय बडबडतेस.

तर घ्यायचं की नाही? बाहुल्या, टोपली, डबा घरात असतातच, त्यासाठी पंधराशे नकोत. कार्डं तर नकोच, त्यापेक्षा घरच्यांचे फोटो काढा, सासूचा चपातीवाला पण. पेटी मात्र झकास आहे, सागवानी नाही पण खिट्टी घट्ट बसते, पोराने त्यात बसची जुनी तिकिटं भरलीत, फोंडा-पणजीची वेगळी आणि मडगावची वेगळी, मला हात लावायला मनाई आहे.