केंद्राच्या ग्रुपवर आलेली ती फाईल

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. ऑनलाइनची सगळी कामं माझ्याकडे: यू-डायस आणि सरल या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवरच्या नोंदी, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि त्यात अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, भर पडलेली.

पहिली-दुसरीचा वर्ग चालू असताना आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर केंद्रप्रमुखांच्या नंबरवरून मेसेज आला. 'अपार प्रलंबित विद्यार्थी यादी. दुपारी २ पर्यंत दुरुस्ती करावी. विलंब झाल्यास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील.' खाली फाईल. नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हतं, एपीके होतं; म्हणजे यादी नव्हे, फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल.

मला तो मेसेज खोटा वाटलाच नाही, कारण आम्हाला येणारे खरे मेसेजही हुबेहूब असेच असतात. 'तात्काळ', 'आजच', 'निरंक असल्यास तसे कळवावे'. उलट विचारायची सोय नसते, म्हणून हात आपोआप चालतो. चोरांनी नेमकी ही सवय हेरली होती.

फोननं अडवलंही होतं: ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, धोकादायक असू शकतं. मग त्यानं एसएमएस वाचायची आणि फोनमधल्या फाईल बघायची परवानगी मागितली. मुलांची यादी बघायला माझे एसएमएस कशाला लागतात? मी 'अलाऊ' दाबत गेले. पुढे अर्ज उघडला; त्यात 'शिक्षक पडताळणी' म्हणून आधार, बँक खातं आणि एटीएम कार्डाचे आकडे विचारले होते. तेही भरले. केंद्रप्रमुखांचे दोन फोन येऊन गेले होते, ते मी वर्गात असल्यानं घेतले नाहीत. त्यांचंच व्हॉट्सॲप चोरांनी ताब्यात घेतलं होतं, आणि तेच सांगायला ते सगळ्यांना फोन करत होते.

मधल्या सुट्टीत आहाराच्या भाजीचे पैसे पाठवायला गेले, तर शिल्लक अपुरी. पगाराच्या खात्यातून ६८,००० रुपये गेले होते. ओटीपी येत होते माझ्याच फोनवर. ते ॲप हे ओटीपी परस्पर चोरांकडे पाठवत होतं.

त्याच ओटीपीवर माझं व्हॉट्सॲपही त्यांनी घेतलं. माझ्या नावानं पालकांच्या ग्रुपवर तीच फाईल गेली: 'शिष्यवृत्ती यादी, पाल्याचे नाव तपासा.' सात पालकांनी उघडली.

सहकारी सरांनी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, तेव्हा बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊनच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात. माझे २१,००० अडकले, बाकीचे निघून गेले होते. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आधीच लावलेला असता, तर पालकांपर्यंत हे पोहोचणं अवघड गेलं असतं. आता तरी प्रत्येकानं तो लावा.

मला जास्त खातंय ते वेगळंच. त्या फोनमध्ये ४१ मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे नंबर असलेली एक्सेल शीट होती. ती गेली की राहिली, हे कुणालाच सांगता आलं नाही. माझे पैसे गेले हे मला कळलं तरी; मुलांचा आधार कुठे फिरतोय, हे कधीच कळणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट घातली आहे, आणि आम्ही मात्र अशा याद्या ग्रुपवरून सर्रास पाठवतो. मी आता 'आधारसह यादी ग्रुपवर टाका' म्हटलं की नकार देते आणि ती थेट पोर्टलवर भरते.

तालुक्याला सायबर जागरूकतेचं प्रशिक्षण महिनाभर आधीच झालं होतं. तासाभराचं भाषण, सही, ग्रुप फोटो. मी मागच्या बाकावर यू-डायस भरत होते. अशी एखादी फाईल तिथे उघडून प्रत्येक स्क्रीन दाखवली असती, तर मी मान वर करून बघितलं असतं.

त्या आठवड्यात मी सातही घरी जाऊन आले. एका मुलीच्या आईचे ऊसतोडीच्या उचलीतले ९,५०० गेले होते. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमचा नंबर होता म्हणून उघडलं." तिची तक्रार मी स्वतः बसून भरून दिली. पैसे अजून आलेले नाहीत.