रेडिमेड खुराडं: कोंबड्या आत राहतात, पण मुंगूस पण आत येतं

तीन स्टार देतोय, त्यातला एक निव्वळ चाकांसाठी. करवीर तालुक्यात वीस गुंठे आहे आमचं, चारी बाजूनी दुसऱ्यांचा ऊस आणि मधी माझा बिनाऔषधाचा भाजीपाला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्याच एका दुकानातनं हे सहा बाय चार फुटाचं ढकलतं खुराडं साडेआठ हजाराला आणलं.

आधी चांगलं सांगतो. तळ उघडा आहे, त्यामुळं वाफा रिकामा झाला की दोघांनी ढकलत न्यायचं, कोंबड्या दिवसभर उकरत बसतात, नांगरटीनंतर तर हुमणीच्या (उसाची मुळं खाणारी कीड) अळ्या अशा टिपल्या की शेजारचे ऊसवाले काका म्हणाले, एक दिवस आमच्या रानात पण आण की रं. (मेथीजवळ मात्र सोडू नका, अर्ध्या तासात मैदान.)

आता रडगाणं. दुकानदार म्हणाला २५ कोंबड्या बसतात. बसतात की, यात्रेच्या एस्टीत बसतात तशा. मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट तरी पाहिजे, म्हणजे १२ झाल्या. मी त्याच्या भरवशावर २० घातल्या तर एकमेकींची पिसं उपटून रक्त काढायला लागल्या. जाळी ती सहाकोनी, पातळ तारेची. पहिल्याच आठवड्यात पहाटे मुंगूस खालनं उकरून आत आलं, दोन तलंगा गेल्या, महिन्याभरात अंड्यावर येणाऱ्या, लय वाईट वाटलं. मग रानमांजरानं एका बाजूची जाळीच फाकवली. दुकानात फोन केला तर म्हणतात, कुत्रं पाळा की मग!

शेवटी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश (तारा एकमेकींना जोडलेली मजबूत जाळी) आणून मारली, आणि बुडाशी चारी बाजूनी फूटभर रुंद पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून वर दगड ठेवले. मुंगूस बुडालाच उकरतं, तिथं जाळी लागली की गप जातंय. २२०० रुपये वेगळे गेले. जुलैच्या झडीत पाणी आत येतं ते वेगळंच, खाली अंथरलेलं तूस भिजलं की वासानं डोळं चुरचुरतात, ताडपत्री आपली आपण बांधायची.

सोबत खाद्याची पिशवी फुकट दिली, लेबल वाचलं तर औषध मिसळलेलं, मग सेंद्रिय अंडी म्हणून कुठल्या तोंडानं विकू? परत दिली.

घ्यायचंच असेल तर जाळी न मारलेला नुसता सांगाडा मागा, देतात, दीड हजार कमी लागतात. मला हे मागनं कळलं.