विकत घेतलेली कंपनी सामावून घ्यावी की वेगळी ठेवावी?

कंपनी विकत घेताना किमतीवर महिनोन्‌महिने घासाघीस चालते. घेतल्यावर तिचं करायचं काय, हा विषय मात्र सह्यांच्या आदल्या आठवड्यात निघतो. निर्णय तुमच्या हातात असेल, तर वाटा तीन आहेत. एक तर तिला पूर्ण सामावून घ्या, नाहीतर स्वतंत्र चालू द्या, किंवा दोन्हीकडचं चांगलं ते उचलून नवंच काही उभं करा. तिसरी वाट कानाला सगळ्यात गोड लागते, आणि माझा विरोध तिलाच आहे.

सामावून घेणं

व्यवहाराचा पैसा बचतीतून निघायचा असेल, तर हीच वाट धरा. दोन अकाउंट्स विभाग, दोन गोदामं आणि एकाच पुरवठादाराशी दोन वेगळे करार चालू ठेवून बचत होत नाही. 2002 मध्ये एचपीनं कॉम्पॅक ही दुसरी संगणक कंपनी घेतली, तेव्हा नियम सरळ होता: प्रत्येक बाबतीत दोघांपैकी एकाचं उत्पादन किंवा पद्धत जशीच्या तशी घ्यायची आणि पुढे चालायचं. त्यासाठी दोन्हीकडच्या निवडक लोकांचा वेगळा गट आधीच कामाला लावला होता. असा गट लागतोच, कारण मंजुरी मिळून व्यवहार पूर्ण होईपर्यंत कायद्याच्या नजरेत दोन्ही कंपन्या स्वतंत्र असतात. त्या प्रतिस्पर्धी असतील, तर एकमेकींचे दर आणि ग्राहकांच्या याद्या सरसकट उघड करता येत नाहीत.

धोका आहे तो संगणक प्रणालींच्या जोडणीत. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेनं 1996 मध्ये फर्स्ट इंटरस्टेट ही बँक घेऊन घाईघाईनं जोडली. खात्यांचे घोळ झाले आणि ग्राहक दुसरीकडे गेले. 1998 मध्ये नॉरवेस्ट या बँकेशी विलीनीकरण झालं, तेव्हा हेच काम मुद्दाम सावकाश, टप्प्याटप्प्यानं केलं गेलं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण तर ताजंच आहे. साबादेल या स्पॅनिश बँकेनं ती घेतल्यावर एप्रिल 2018 मध्ये सगळी खाती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलवली. 19 लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काही महिन्यांत मुख्याधिकारी पायउतार झाले आणि 2022 मध्ये बँकेला 4.865 कोटी पौंडांचा दंड झाला.

वेगळी ठेवणं

तुम्ही पैसे मोजले ते माणसांसाठी, त्यांच्या कामाच्या रीतीसाठी किंवा ब्रँडसाठी असतील, तर हात आवरता घ्या. डिस्नेनं 2006 मध्ये सुमारे 7.4 अब्ज डॉलर मोजून पिक्सार ही ॲनिमेशनपट काढणारी कंपनी घेतली, तेव्हा तिथल्या कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही याची यादीच केली होती. उलट पिक्सारचे एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेच्या ॲनिमेशन विभागाचीही सूत्रं दिली. टाटा मोटर्सनं 2008 मध्ये 2.3 अब्ज डॉलरला जग्वार लँड रोव्हर घेतली, तिचाही कारभार ब्रिटनमधूनच चालू राहिला.

ही वाट मोडते ती मोठ्या निर्णयांनी नव्हे. कालपर्यंत टीमलीडच्या सहीनं निघणारं प्रवासबिल आज तीन पायऱ्या चढायला लागतं. नवा माणूस घ्यायचा तर मुख्यालयाचा फॉर्म भरावा लागतो. इथं तीस माणसं सांभाळणारी मॅनेजर नव्या पदश्रेणीत तीन माणसांच्या मॅनेजरच्या खाली बसते. स्वातंत्र्याचं वचन कागदावर तसंच राहतं, पण ज्यांच्यासाठी कंपनी घेतली ती माणसं, थांबण्यासाठी कबूल केलेला बोनस हातात पडताच राजीनामे देतात. म्हणून ‘स्वतंत्र’ म्हणजे नेमकं काय, ते खर्चाची मर्यादा, नेमणुका आणि पगारश्रेणी यांच्या भाषेत लिहून ठेवा. हिशेबतपासणी आणि बँकव्यवहार तेवढे एकत्र आणायला हरकत नाही.

बरोबरीचं विलीनीकरण

आता ती तिसरी वाट. डाइमलर ही जर्मन आणि क्रायस्लर ही अमेरिकन मोटार कंपनी 1998 मध्ये ‘समानांचं विलीनीकरण’ म्हणून एकत्र आल्या. मुख्यालयं दोन आणि सुरुवातीला अध्यक्षही दोन. 2007 मध्ये क्रायस्लरचा 80.1 टक्के हिस्सा विकावा लागला. स्प्रिंट आणि नेक्स्टेल या अमेरिकन मोबाइल कंपन्या 2005 मध्ये जोडल्या गेल्या, तेव्हाही मुख्यालयं दोन ठेवली आणि मोबाइलची जाळीही दोन, तीही एकमेकांशी न जुळणाऱ्या तंत्रांची. 2008 च्या सुरुवातीला कंपनीनं जवळपास 30 अब्ज डॉलरचं मूल्य हिशेबाच्या पुस्तकातून तोटा म्हणून पुसून टाकलं. नेक्स्टेलचं जाळं बंद व्हायला 2013 उजाडलं.

दोन्हीकडचं उत्तम निवडायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीची बैठक होते, आणि बैठकीत पद्धतीपेक्षा कोणाची बाजू जिंकली हेच मोजलं जातं. तोवर ग्राहकाचा फोन कोणी घ्यायचा, हेही ठरलेलं नसतं.

निवड करताना

व्यवहाराचं समर्थन करताना संचालक मंडळासमोर जे आकडे मांडले, ते काढून बघा. बहुतेक फायदा खर्चकपातीचा असेल, तर सामावून घ्या. नव्या उत्पादनांचा आणि माणसांचा असेल, तर वेगळी ठेवा. दोन्ही असेल, तर विभागागणिक ठरवा, पण एका विभागात एकच पद्धत आणि एकच प्रमुख.

वेगाबद्दलही लोक सरसकट बोलतात, ते मला पटत नाही. कोण राहणार, कोण जाणार आणि कोण कोणाला रिपोर्ट करणार, हे पहिल्या काही आठवड्यांत सांगून टाका. अनिश्चिततेत आधी चांगली माणसं जातात, कारण त्यांना बाहेर मागणी असते. प्रणालींचं मात्र उलट. आधी थोडी खाती हलवा, महिनाअखेरचा हिशेब एकदा जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींवर जुळवून बघा, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं याची तालीम झाल्याशिवाय उरलेली हलवू नका.