अंदमान : एप्रिलअखेर की ऑक्टोबर?

डिसेंबर-जानेवारीची गर्दी आणि भाडी नको असतील, तर अंदमानला जायला एप्रिलअखेर आणि ऑक्टोबर हे दोन मोसम बघता येतील.

एप्रिलअखेर समुद्र शांत असतो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्कूबा करताना पाण्याखालचं लांबपर्यंत स्पष्ट दिसतं. बोटी सहसा वेळेवर सुटतात. मात्र उकाडा जीव काढतो. सेल्युलर जेलच्या गच्चीवर दुपारी बारा वाजता जायचं धाडस करू नका; सावरकरांची कोठडी सकाळीच बघा. शिवाय शाळांना सुट्ट्या, त्यामुळे विमानभाडं फार उतरत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून इथे पोचतो, म्हणून तारीख फार पुढे ढकलू नये.

ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवंगार आणि दिवाळीची सुट्टी टाळली तर खोल्या स्वस्त. पण याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं तयार होतात. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द, आणि तुम्ही नील बेटावर अडकलेले! त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच (नवं नाव श्री विजयपुरम) ठेवा. सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, म्हणजे हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोचायला हवं.

डायव्हिंग करायचं असेल किंवा सोबत आई-बाबा असतील, तर मी एप्रिल निवडेन. घरचा हापूस थोडा चुकला तरी चालेल. दोघंच असाल, रजा लवचीक असेल, तर ऑक्टोबर बिनधास्त.